उशिरा पोचणारा प्रकाश

चैत्र-वैशाखातील सायंकाळी कोलकात्यावर ‘कालबैशाखी’चे वादळ चालून येते. वीज आधी चमकते, गडगडाट मागाहून ऐकू येतो. मधले सेकंद मोजावेत व त्यांस तिनाने भागावे. वीज किती किलोमीटरांवर कडाडली हे शाळकरी मूलही सांगू शकेल. विलंब हीच येथे मोजपट्टी होय.

हीच युक्ती खगोलशास्त्रज्ञ कृष्णविवरांसाठी वापरतात. कित्येक दीर्घिकांच्या मध्यभागी सूर्याच्या लक्षावधी, कोट्यवधी पट वस्तुमानाचे कृष्णविवर असते. ते स्वतः दिसत नाही. परंतु त्यात ओढला जाणारा वायू अतिशय तापून झळाळतो. ही झळाळी सतत कमीअधिक होत असते. ती वाढली म्हणजे भोवतालचे वायुमेघही उजळतात, पण तत्काळ नव्हे; प्रकाशाला तेथवर पोचण्यास जितका वेळ लागेल तितक्या उशिराने.

भूतप तारकासमूहातील एन. जी. सी. ५५४८ ही दीर्घिका सुमारे २४ कोटी प्रकाशवर्षे दूर आहे. १९८८-८९ मध्ये अनेक देशांतील वेधकर्त्यांनी महिनोन्‌महिने तिच्यावर नजर ठेवली. मेघांतील हायड्रोजनची वर्णरेषा सुमारे २० दिवस उशिरा उजळते, असे त्यांना आढळले. इतक्या दिवसांत प्रकाश सुमारे ५०,००० कोटी किलोमीटर जातो. मेघ तेवढे दूर! त्यांचा वेग वर्णरेषेच्या रुंदीवरून कळतो. अंतर व वेग हाती आले, की त्यांना बांधून ठेवणाऱ्या कृष्णविवराचे वस्तुमान निघते: सूर्याच्या कित्येक कोटी पट. मेघांची मांडणी नेमकी ठाऊक नसल्याने या आकड्यात चूक राहू शकते, हेही खरे.

अशी विवरे असू शकतात, या विचाराला बळ देणारे एक समीकरण कोलकात्यातच जन्मले. जादवपूरच्या इंडियन असोसिएशन फॉर द कल्टिव्हेशन ऑफ सायन्स या संस्थेत अमलकुमार रायचौधुरी यांच्याकडे नेमून दिलेले काम धातूंच्या गुणधर्मांचे होते. सापेक्षतेचा अभ्यास त्यांनी स्वतःच्या ओढीने केला. गुरुत्वाकर्षणाखाली द्रव्याच्या वाटा एकमेकींकडे कशा झुकतात, हे त्यांनी १९५५ साली गणिताने दाखविले. पुढे १९६५ मध्ये पेनरोज यांनी, व त्यानंतर हॉकिंग यांनी, वाटा एकत्र येण्याच्या याच विचारावर आपले सिद्धांत उभारले. पेनरोज यांना २०२० मध्ये नोबेल पारितोषिक मिळाले. रायचौधुरी २००५ मध्येच निवर्तले होते.

विचारांचा उजेडही कधी उशिरा पोचतो. म्हणून पुढच्या वादळात मुलांना जवळ घेऊन सेकंद अवश्य मोजा. आणि त्यांना सांगा, उशीर झाला म्हणजे उत्तर आलेच नाही, असे नव्हे.