पॉवर वीडरच्या स्टार्टरची तुटलेली दोरी : शेतावरच करता येणारी दुरुस्ती

खरिपात काळ्या जमिनीला दोन पावसांच्या दरम्यान वाफसा मिळतो तो मोजक्याच दिवसांचा. सोयाबीनमध्ये पेरणीनंतरचे पहिले ३० ते ४५ दिवस पीक व तण यांच्यातील स्पर्धेच्या दृष्टीने निर्णायक मानले जातात. अशा वेळी पॉवर वीडर सुरू करताना स्टार्टरची दोरी तुटली, तर इंजिन निर्दोष असूनही यंत्र बांधावर उभे राहते. दोरी अल्प किमतीची असते. खरे नुकसान होते ते यंत्र दुरुस्तीसाठी नेण्या-आणण्यात वाफसा निघून गेल्यामुळे. बहुतेक यंत्रांत ही दुरुस्ती साध्या अवजारांनी घरीच करता येते. मात्र आतील स्प्रिंगबाबत सावधगिरी आवश्यक आहे.

स्टार्टरची रचना

झाकणाच्या आत दोरी एका कप्पीवर गुंडाळलेली असते. कप्पीखाली घड्याळाच्या कमानीसारखी चपटी स्प्रिंग असते. दोरी ओढली की कप्पी फिरते, तिचे खटके बाहेर येऊन इंजिनावरील वाटीत अडकतात व इंजिन फिरते. त्याच वेळी स्प्रिंगला पीळ बसतो. दोरी सैल सोडताच स्प्रिंग कप्पीला उलट फिरवून दोरी आत घेते.

दोरी तुटली तरी स्प्रिंग बहुधा शाबूत असते. त्यामुळे कप्पी झाकणातून बाहेर काढू नये. ती काढल्यास स्प्रिंग उसळून डोळ्यास किंवा हातास इजा होऊ शकते.

दुरुस्तीची पद्धत

१. इंजिन थंड होऊ द्यावे. पेट्रोलचा कॉक बंद करून स्पार्क प्लगची टोपी काढून ठेवावी.

२. स्टार्टरच्या झाकणाचे बोल्ट काढून झाकण वेगळे करावे. दोरी कोणत्या दिशेने गुंडाळली आहे, याचे छायाचित्र मोबाइलवर घ्यावे.

३. जुन्या दोरीचे दोन्ही तुकडे काढून एकूण लांबी व जाडी मोजावी आणि तुकडा दुकानात नमुना म्हणून न्यावा. त्याच मापाची, विणीची नायलॉन दोरी घ्यावी. जाड दोरी कप्पीत मावत नाही. सुतळी किंवा गुरे बांधण्याची प्लॅस्टिकची दोरी घर्षणाने लवकर निकामी होते. नव्या दोरीची टोके पेट्रोलपासून दूर, काडीच्या ज्योतीवर वितळवून घट्ट करावीत.

४. चष्मा व हातमोजे घालावेत. दोरी ओढताना कप्पी ज्या दिशेने फिरते, त्याच दिशेने ती हाताने स्प्रिंग पूर्ण आवळेपर्यंत फिरवावी. नंतर सुमारे एक फेरा मागे सोडून कप्पीचे व झाकणाचे छिद्र समोरासमोर आणावे. या स्थितीत कप्पी व झाकण पकडीने एकत्र घट्ट धरून ठेवावे. दुसऱ्या व्यक्तीची मदत घेणे श्रेयस्कर.

५. दोरी झाकणाच्या छिद्रातून कप्पीच्या छिद्रात ओवून टोकाला पक्की गाठ मारावी व गाठ खोबणीत बसवावी. बाहेरच्या टोकाला मूठ बांधावी.

६. मूठ हातात धरून पकड काढावी आणि दोरी हळूहळू आत जाऊ द्यावी.

तपासणी

झाकण बसवण्यापूर्वी दोन गोष्टी पाहाव्यात. मूठ झाकणाला टेकून राहिली पाहिजे. ती लोंबत असल्यास स्प्रिंगचा पीळ कमी आहे. तसेच दोरी पूर्ण बाहेर ओढल्यावरही कप्पी हाताने आणखी थोडी फिरली पाहिजे. ती मुळीच फिरत नसल्यास पीळ जास्त झाला असून स्प्रिंग तुटण्याची शक्यता असते. कप्पी फिरवूनही ताण जाणवत नसेल, तर स्प्रिंग तुटलेली किंवा निसटलेली असते. ते काम मात्र जाणकार मेकॅनिककडेच सोपवावे.

दोरी पुन्हा तुटू नये म्हणून

दोरी तिरपी ओढल्यास ती छिद्राच्या कडेवर घासते आणि तिचे धागे सुटतात. म्हणून दोरी छिद्राच्या सरळ रेषेत ओढावी. प्रथम ती सावकाश, अडथळा जाणवेपर्यंत ओढावी व मगच जोर लावावा. शेवटच्या टोकापर्यंत हिसका देऊ नये आणि मूठ एकदम सोडून न देता हातानेच परत न्यावी. नवी दोरीही लवकर झिजत असेल, तर छिद्राची कड खडबडीत झाली आहे का ते पाहावे.

पेरणीपूर्वी यंत्राचे तेल व एअर फिल्टर तपासताना दोरीही पूर्ण ओढून पाहावी. धागे सुटलेले दिसल्यास ती हंगामाआधीच बदलावी आणि योग्य मापाची एक दोरी यंत्राच्या अवजारपेटीत कायम ठेवावी.