पेट्रोल भरल्यानंतर गाडीत येणारा वास

आपल्या शाळेच्या एका स्नेहमेळाव्याला एक माजी विद्यार्थी सहकुटुंब मोटारीने आला होता. वाटेत चौकजवळ त्याने टाकी काठोकाठ भरून घेतली. कर्जतला पोहोचेपर्यंत धाकट्या मुलीला दोनदा उलटी झाली आणि पत्नीचे डोके दुखू लागले. "तिला गाडी लागते, सर," असे तो म्हणाला. मी मागचे दार उघडले, तोच पेट्रोलचा उग्र वास आला. "आताच भरलंय ना, म्हणून. दोन दिवसांत जातो." वास दर वेळी दोन दिवसांत जात असे, म्हणूनच त्याची चौकशी कोणी केली नव्हती.

मी इतिहासाचा शिक्षक, यंत्रशास्त्राचा नव्हे. परंतु एखादी गोष्ट केव्हा सुरू होते व केव्हा थांबते याची नोंद ठेवल्यावाचून तिचे कारण सापडत नाही, हे दोन्हीकडे सारखेच. आज आपल्या अनेक माजी विद्यार्थ्यांच्या दारी गाडी आहे. काही जण शाळकरी मुलांची ने-आण करतात. त्यांच्यासाठी हे लिहीत आहे.

पेट्रोलची वाफ सतत होत असते. ही वाफ हवेपेक्षा तीन ते चार पट जड असल्याने वर उडून न जाता गाडीच्या तळाशी साचते आणि एखादी ठिणगी तिला पुरते. शिवाय पेट्रोलमध्ये बेंझीन असते. भारत स्टेज ६ मानकानुसार त्याचे प्रमाण १ टक्क्यापर्यंत असू शकते आणि ते कर्करोगास कारणीभूत ठरणारे द्रव्य आहे. काचा बंद करून एसी लावलेल्या गाडीत मुले बसलेली असताना असा वास अंगवळणी पाडून घेणे योग्य नाही.

वाफ बाहेर पडू नये म्हणून गाडीत एक साधी योजना असते. टाकीतील वाफ एका नळीने कोळशाच्या डब्यात जाते. तेथील सच्छिद्र कोळसा ती धरून ठेवतो आणि इंजिन चालू असताना एक झडप उघडून ती वाफ इंजिनात जळण्यासाठी ओढली जाते. टाकीच्या वरच्या भागात थोडी मोकळी जागा मुद्दाम ठेवलेली असते, कारण उष्णतेने पेट्रोल फुगते. ३५ लिटर पेट्रोल १० अंशांनी तापले, तर ते सुमारे पाव ते तृतीयांश लिटरने वाढते. नॉझल आपोआप बंद पडते ते या जागेच्या आधी. पण आपल्याला रक्कम पूर्ण करण्याची हौस! "पंधराशे पूर्ण करा," म्हणत आपण आणखी पेट्रोल दाबून भरायला लावतो. मग खोपोलीहून बोरघाट चढताना भरलेल्या टाकीतील पेट्रोल मागे कलते, वाफेच्या नळीत शिरते आणि कोळसा भिजतो. पेट्रोलात भिजलेला कोळसा पुन्हा नीट कामाला येईलच असे नाही. पुष्कळदा डबाच बदलावा लागतो.

वास कधी येतो, यावरून दोष कोठे आहे याचा अंदाज बांधता येतो. भरल्यावर तासाभरात गेला, तर बहुधा बाहेर सांडलेले थेंब किंवा हाताला लागलेले पेट्रोल. झाकणाभोवतीच येत असेल, तर झाकणाची रबरी कडी फाटली आहे का ते पाहावे. हा सर्वांत स्वस्त इलाज. पेट्रोल भरल्याबरोबर गाडी सुरू व्हायला त्रास देत असेल, तर कोळशाच्या डब्याची झडप उघडी राहत असावी. वास पुढून, इंजिनाकडून येत असेल, तर टाकी भरण्याशी त्याचा संबंध नसून इंधनाची नळी किंवा तिचा जोड गळत असण्याची शक्यता अधिक. अशी गाडी चालवूच नये. आणि टाकी भरलेली असतानाच वास येतो, पाव टाकी संपली की जातो, असे असेल तर दोष टाकीच्या वरच्या अंगाला आहे: भरण्याची नळी, वाफेची नळी किंवा मागच्या सीटखाली असलेल्या पंपाची सील. पेट्रोलची पातळी खाली गेली की गळती थांबते, दोष मात्र तसाच राहतो.

आमच्या विद्यार्थ्याच्या गाडीचे नेमके हेच झाले होते. पावसाळ्यात ती गावी, भाताच्या कणग्यांशेजारच्या पडवीत उभी असे. गॅरेजमध्ये गाडी वर उचलली, तेव्हा भरण्याची रबरी नळी टाकीजवळ वरच्या बाजूने उंदरांनी कुरतडलेली दिसली. मुलीचा त्रास ज्याला आम्ही 'गाडी लागणे' समजत होतो, त्याचे मूळ तेथे होते.

अशा वेळी चिकटपट्टी, लांबी किंवा पाण्याची नळी चालत नाही. पेट्रोलसाठीच बनवलेली नळी आणि नव्या क्लिपाच बसवाव्यात. वास आला की आधी काचा उघडाव्यात, गाडी मोकळ्या जागी उभी करून इंजिन बंद करावे, मुलांना उतरवावे. अंधारात गळती शोधण्यासाठी काडी किंवा लायटर पेटवणारे लोक मी पाहिले आहेत! सीएनजीवरील गाड्यांनाही टाकीत पेट्रोल असते, हे विसरू नये. सीएनजीला मुद्दाम मिसळलेला वास सडक्या अंड्यासारखा वेगळाच असतो. तो आल्यास सिलिंडरची झडप बंद करून अधिकृत केंद्रातच तपासणी करावी.

नळी बदलल्यानंतर त्याने टाकी पुन्हा भरली, या वेळी नॉझल पहिल्यांदा बंद पडताच थांबून. रात्रभर गाडी बंद ठेवून सकाळी दार उघडले आणि गाडीखालची जमीन पाहिली. कोरडी होती, आणि वासही नव्हता.