माउस बाजूला ठेवा, टॅब दाबा!

रोजच्या वापरातली एखादी वेबसाइट उघडा, माउस बाजूला ठेवा आणि नुसती टॅबची कळ दाबत जा. एका लिंकवरून दुसऱ्या लिंकवर एक चौकट उड्या मारत जाताना दिसली, तर वेबसाइट पहिल्या परीक्षेत पास. चौकट कुठेच दिसली नाही, तर ती बहुधा कुणीतरी मुद्दाम पुसली आहे! ‘बरी दिसत नाही’ म्हणून पानाचं रूप ठरवणाऱ्या सीएसएसच्या एका ओळीत ती काढून टाकतात. मग हात थरथरतो म्हणून माउस धरू न शकणाऱ्या माणसाला आपण पानावर नेमके कुठे आहोत, तेच कळत नाही. वेब ॲक्सेसिबिलिटीचा, म्हणजे सगळ्यांना वापरता येईल अशी वेबसाइट बांधण्याचा अभ्यास इथूनच सुरू करता येतो. पैसे लागत नाहीत, आणि पुढे तर एकाहून एक गमती आहेत.

एका आकड्याने नापास

पांढऱ्या कागदावर काळं अक्षर, हा सर्वांत ठळक फरक. वेबच्या मोजपट्टीवर तो २१ : १ भरतो. डब्ल्यूसीएजी या जगमान्य नियमावलीनुसार साध्या आकाराच्या मजकुराला किमान ४.५ : १ हवा. आता गंमत बघा. पांढऱ्यावर #७६७६७६ हा करडा रंग वापरला, तर गुणोत्तर ४.५४ येतं, पास! #७७७७७७ वापरला, तर ४.४८, नापास! दोन्ही रंग शेजारी ठेवले तर चांगल्या डोळ्यांनाही फरक सांगता यायचा नाही. पण कुठेतरी रेघ ओढावीच लागते, आणि ती ओढली हे फार चांगलं झालं. नाहीतर फिकट करड्या अक्षरांची हौस कुठवर गेली असती कोण जाणे.

ती हौस अजून फिटलेली नाहीच. अमेरिकेतली वेबएम ही संस्था दरवर्षी दहा लाख वेबसाइटांची मुखपृष्ठं तपासते. २०२५ मध्ये त्यातल्या ९४.८ टक्के पानांवर यंत्रालाही पकडता येतील असे दोष निघाले, आणि पहिला नंबर फिक्या मजकुराचा : ७९.१ टक्के पानं.

सोंग बटणाचं

एचटीएमएलमध्ये बटणासाठी ‘बटन’ नावाचा टॅग आहे. तो वापरला की टॅबने तिथे पोचता येतं, एंटर किंवा स्पेस दाबून ते चालतं आणि पान वाचून दाखवणारा स्क्रीन रीडर ‘हे बटण आहे’ असं सांगतो. हे सगळं फुकटात! तरीही अनेक जण ‘डिव्ह’ नावाचा साधा डबा घेतात, त्याला रंग देतात, कोपरे गोल करतात आणि बटण म्हणून उभा करतात. माउसवाल्याला फरक कळत नाही. कीबोर्डवाल्याच्या लेखी ते बटण अस्तित्वातच नसतं. मग ते सोंग वठवण्यासाठी एरिया नावाची जादा लेबलं चिकटवली जातात. चुकीचं एरिया लावण्यापेक्षा ते न लावलेलं बरं, असं वेबची मानकं ठरवणाऱ्या डब्ल्यूथ्रीसीचं स्वतःचं मार्गदर्शन सांगतं. नवशिक्यांनी हे एक वाक्य भिंतीवर लावून ठेवावं.

ऑलिंपिकला भुर्दंड

सिडनी ऑलिंपिकची वेबसाइट एका प्रेक्षकाला वाचता येईना. ब्रूस मॅग्वायर हे दृष्टिहीन गृहस्थ ब्रेल पट्टीच्या आधारे संगणक वापरत. चित्रांना पर्यायी मजकूर नव्हता आणि निकालांचे तक्ते उलगडत नव्हते. त्यांनी ऑस्ट्रेलियाच्या मानवी हक्क आयोगाकडे तक्रार केली. दुरुस्तीला एका माणसाला वर्षाहून जास्त काळ लागेल, असं आयोजकांचं म्हणणं. तज्ज्ञांच्या मते काम काही आठवड्यांचं. २००० च्या ऑगस्टमध्ये निकाल मॅग्वायर यांच्या बाजूने लागला. दुरुस्ती अपुरीच राहिली, तेव्हा आयोजकांना २० हजार ऑस्ट्रेलियन डॉलर भरावे लागले.

लुकलुक बेतानेच

१६ डिसेंबर १९९७ ला जपानमध्ये पोकेमॉनचा एक भाग लागला. त्यातली लाल-निळी लुकलुक पाहून शेकडो मुलांना झटके, चक्कर, मळमळ असा त्रास झाला आणि त्यांना दवाखान्यात न्यावं लागलं. वेबच्या नियमावलीतही यासाठी स्पष्ट मर्यादा आहे : पानावरची कोणतीही गोष्ट एका सेकंदात तीनपेक्षा जास्त वेळा लखलखता कामा नये. ‘सेल! सेल!’च्या जाहिराती करणाऱ्यांनी हे आधी वाचावं.

डोळे मिचकावा, नाहीतर खातं नाही

ही गंमत नव्हे, पण सांगायलाच हवी. ॲसिड हल्ल्यातून वाचलेल्या प्रज्ञा प्रसून बँकेत खातं उघडायला गेल्या. ओळख पटवणाऱ्या ई-केवायसीसाठी कॅमेऱ्यासमोर पापण्या मिटून दाखवणं सक्तीचं होतं, आणि त्यांना ते शक्य नव्हतं. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं. ३० एप्रिल २०२५ च्या निकालात न्यायालयाने डिजिटल सेवांपर्यंत पोचण्याचा हक्क घटनेच्या कलम २१ मधल्या जगण्याच्या हक्काशी जोडला आणि २० निर्देश दिले. यानंतर ‘ॲक्सेसिबिलिटी नंतर बघू’ म्हणणाऱ्या प्रत्येक कंपनीला हा निकाल दाखवता येईल.

मराठी पानांची खास दुखणी

इंग्रजी पुस्तकांत हे फारसं सापडत नाही, म्हणून जरा थांबून बघू. युनिकोड नसलेल्या जुन्या फाँटमध्ये टंकलेला मजकूर डोळ्यांना मराठी दिसतो. फाइलच्या पोटात मात्र इंग्रजी अक्षरं असतात. कृतिदेव या अशाच एका फाँटमध्ये ‘मराठी’ हा शब्द टंकला, तर आत साठतं ते ई, जे, के, बी, एच. स्क्रीन रीडर फाँटचं चित्र पाहत नाही, पोटातली अक्षरं वाचतो. आपल्याला मराठी दिसते, त्याला ‘ईजेकेबीएच’ ऐकू येतं! अशा फाँटमधलं परिपत्रक असो की कवितासंग्रह, दृष्टिहीन वाचकासाठी ते कोरं पानच. स्कॅन करून चढवलेल्या पीडीएफची गतही तीच : तिथे अक्षरंच नाहीत, आहे तो फोटो.

दुसरं दुखणं भाषेच्या खुणेचं. प्रत्येक पानाच्या सुरुवातीला ‘लँग’ लिहून भाषा सांगायची असते. मराठीची खूण आहे ‘एमआर’. तयार साचा उचलला की तिथे इंग्रजीची खूण तशीच राहून जाते. मग वाचणारा आवाज इंग्रजीचा लागू शकतो आणि देवनागरी आली की अडखळतो. दोन अक्षरं बदलायची, एवढंच काम.

तिसरं शिरोरेषेचं. इंग्रजी मथळे देखणे दिसावेत म्हणून अक्षरांमध्ये मोकळी जागा सोडतात. तीच सेटिंग देवनागरीला लावली की शिरोरेषा तुटते आणि शब्दाचे तुकडे पडतात. ओळींमधलं अंतर कमी ठेवलं, तर वरच्या वेलांट्या आणि खालचे उकार एकमेकांत घुसतात. ज्याची नजर आधीच अधू आहे, त्याचे यात फार हाल होतात.

आणि ते आपलं लाडकं ‘येथे क्लिक करा’. स्क्रीन रीडर वापरणारे पुष्कळ जण पानावरच्या सगळ्या लिंकची यादी काढून ऐकतात. एखाद्या भरती परीक्षेच्या पानाची यादी कानांनी ऐकून बघा : येथे क्लिक करा, येथे क्लिक करा, येथे क्लिक करा, अधिक वाचा, येथे क्लिक करा. अर्ज कुठला आणि अभ्यासक्रम कुठला? त्याऐवजी ‘अर्ज भरा’, ‘अभ्यासक्रम डाउनलोड करा’, ‘प्रवेशपत्र मिळवा’ असं लिहिलं की काम झालं. यासाठी प्रोग्रॅमिंगही यायला नको. मजकूर लिहिणारा मराठीचा पदवीधर हे आजच्या आज करू शकतो.

ईमेलवर फिदा

ॲक्सेसिबिलिटीची गोष्ट वेबपेक्षा जुनी आहे. इंटरनेटच्या जनकांपैकी एक, व्हिंट सर्फ, यांना कमी ऐकू येतं. फोनवर बोलण्यापेक्षा लिहून बोलणं त्यांना सोयीचं, म्हणून ते ईमेलचे सुरुवातीपासूनचे चाहते. त्याही मागे जायचं तर इटलीत पेलेग्रिनो तुर्री यांनी एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी आपल्या दृष्टिहीन मैत्रिणीला, काउंटेस कॅरोलिना फांतोनी यांना, स्वतःच्या हाताने पत्रं लिहिता यावीत म्हणून टंकयंत्र बनवलं. त्या यंत्रावरची १८०८ सालची पत्रं आजही जपलेली आहेत. आज ज्या कळांवर आपली बोटं नाचतात, त्यांच्या पूर्वजांमध्ये हे यंत्र आहे!

फुकट गुरू

मायकेल करन आणि जेम्स टेह हे ऑस्ट्रेलियातले दोन दृष्टिहीन मित्र. लहानपणी एका संगीत शिबिरात त्यांची ओळख झाली. स्क्रीन रीडर तेव्हा महागडे होते, म्हणून २००६ मध्ये करन यांनी एनव्हीडीए नावाचा मोफत स्क्रीन रीडर लिहायला घेतला आणि टेह त्यांना येऊन मिळाले. त्याच्यासोबत येणाऱ्या ईस्पीक या वाचणाऱ्या आवाजाला मराठीही येते. तो थोडा यांत्रिक आहे, पण सवय होते.

विंडोजच्या संगणकावर एनव्हीडीए उतरवून घ्या, पडदा बंद करा आणि स्वतः बनवलेली वेबसाइट उघडा. एच दाबला की पुढचं शीर्षक, के दाबला की पुढची लिंक. मग खालच्या बाणाने एकेक ओळ ऐका आणि मुख्य बातमीपर्यंत पोचायच्या आधी मेनूमधल्या किती लिंक ऐकाव्या लागल्या, ते मोजा. आकडा मोठा निघाला, तर पानाच्या अगदी माथ्यावर ‘मुख्य मजकुराकडे जा’ अशी एक लिंक टाका.