हेल्मेट स्वस्त चालेल, खोटं चालणार नाही

रोज सकाळी मुलुंडमधून दुचाक्यांचे लोंढे तीन वाटांनी बाहेर पडतात: चेकनाका ओलांडून ठाण्याच्या वागळे इस्टेटकडे, ऐरोली पुलावरून नवी मुंबईकडे आणि पूर्व द्रुतगती मार्गाने सायनच्या दिशेने. आता बहुतेकांच्या डोक्यावर हेल्मेट दिसतं. जून २०२२मध्ये मुंबई वाहतूक पोलिसांनी मागे बसणाऱ्यांवरही कारवाई सुरू केली, तेव्हा पुष्कळ घरांत दुसरं हेल्मेट आलं. पण यातली कितीतरी हेल्मेटं फक्त पोलिसांना दाखवण्यापुरती असतात. रस्त्याकडेच्या ढिगातून दोन-तीनशे रुपयांना उचललेली, डोक्यावर सैल फिरणारी, पट्टा मोकळा लोंबणारी.

केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाच्या अहवालानुसार २०२२मध्ये देशात दुचाकीवरचे ७४,८९७ जण अपघातात दगावले. हेल्मेट न घातल्यामुळे झालेल्या मृत्यूंचा आकडा याच अहवालात ५०,०२९ असा दिला आहे. त्यांपैकी १४,३३७ जण मागे बसलेले होते. अनेक देशांतल्या अभ्यासांचा एकत्रित आढावा सांगतो, की हेल्मेटमुळे मृत्यूचा धोका सुमारे ४२ टक्क्यांनी आणि डोक्याला इजा होण्याचा धोका सुमारे ६९ टक्क्यांनी कमी होतो. असं संरक्षण मिळवायला फार पैसे लागत नाहीत, लागते ती पारख. तिच्या आड येणारे गैरसमज एकेक करून पाहू.

गैरसमज १: चांगलं हेल्मेट हवं तर पाच-सात हजार मोजावेच लागतात.

वस्तुस्थिती: नामवंत भारतीय कंपन्यांची आयएसआय प्रमाणित फुल फेस हेल्मेटं साधारण हजार ते पंधराशे रुपयांपासून मिळतात. स्टड्स फरिदाबादची, तर वेगा आपल्या शेजारच्या बेळगावची. त्यापुढे वाढत जाणारी किंमत बऱ्याचदा रंगसंगती, मागचा स्पॉयलर, आतली दुसरी काळी काच, जास्त वायुछिद्रं आणि हलकं कवच यांची असते. या सोयी चांगल्या आहेत, पण त्यांवरून सुरक्षिततेचं माप काढता येत नाही. ब्रिटनचं परिवहन खातं २००७पासून ‘शार्प’ या योजनेत हेल्मेटांची चाचणी घेऊन त्यांना तारे देतं. तिथे स्वस्त हेल्मेटांनी पाच तारे मिळवले आहेत आणि महागडी हेल्मेटं मागे पडली आहेत.

नवी दुचाकी घेत असाल तर आणखी एक गोष्ट लक्षात ठेवा. केंद्रीय मोटार वाहन नियमांतील नियम १३८ प्रमाणे गाडीसोबत बीआयएस मानकाचं हेल्मेट देणं उत्पादकाला बंधनकारक आहे. शोरूममध्ये ते हक्काने मागा.

गैरसमज २: आयएसआयचा छाप दिसला की झालं.

वस्तुस्थिती: १ जून २०२१पासून देशात दुचाकीचं हेल्मेट आयएसआय चिन्हाशिवाय बनवता किंवा विकता येत नाही. म्हणूनच खोटे छापही बाजारात आले. खरा छाप ओळखायला तीन गोष्टी बघा. चिन्हाच्या वर ‘आयएस ४१५१’ हा मानकाचा क्रमांक हवा. चिन्हाखाली ‘सीएम/एल’ या अक्षरांपुढे परवाना क्रमांक हवा. हा क्रमांक मोबाइलवरच्या ‘बीआयएस केअर’ अ‍ॅपमध्ये टाकला की कंपनीचं नाव आणि परवाना चालू आहे की नाही ते समोर यायला हवं. दुकानात उभं राहून हे काम मिनिटभरात होतं. अ‍ॅपमध्ये दिसणारं नाव आणि हेल्मेटवरचं नाव जुळत नसेल, तर ते हेल्मेट परत ठेवा.

नुसत्या ‘डॉट’ स्टिकरवर भुलू नका. हे अमेरिकेचं मानक आहे आणि तिथेही उत्पादक स्वतःच त्याची ग्वाही देतो. आपल्याकडे तर ते स्टिकर सुटंही विकत मिळतं. बांधकामावरच्या पिवळ्या टोपीवरही आयएसआय असू शकतं, पण तिचं मानक आयएस २९२५ आहे. वरून पडणाऱ्या वस्तूपासून वाचवण्यासाठी ती बनवलेली असते, दुचाकीच्या अपघातासाठी नाही.

गैरसमज ३: कवच जितकं कडक, तितकं हेल्मेट भक्कम.

वस्तुस्थिती: जीव वाचवण्याचं मोठं काम कवचाखालचा घट्ट थर्माकोल करतो. डोकं आपटतं तेव्हा तो चेपतो, आघाताची ऊर्जा स्वतःत जिरवतो आणि डोकं थांबायला काही मिलिसेकंद जास्त मिळतात. मेंदूला बसणारा झटका तेवढाच कमी होतो. कवचाचं काम म्हणजे आघात पसरवणं आणि टोकदार वस्तू आत घुसू न देणं. कवच दगडासारखं टणक असेल आणि आत नुसता स्पंज असेल, तर सगळा मार कवटीवरच येतो.

दुकानात हेल्मेट उलटं धरून कापडी अस्तर किंचित बाजूला करा. आत अखंड, जाड, घट्ट थर्माकोल दिसायला हवा. बोटाने दाबल्यावर तो सहज खचता कामा नये. नकली हेल्मेटात बहुतेक वेळा पातळ फोम असतो, नाहीतर थर्माकोलचे चिकटवलेले तुकडे. कपाळाशी आणि मागच्या बाजूलाही तपासा, कारण फसवणूक तिथे सोपी असते.

गैरसमज ४: थोडं सैल घेतलं तर आराम मिळतो.

वस्तुस्थिती: सैल हेल्मेट अपघातात फिरतं, वर सरकतं किंवा निघून जातं. खरेदीतला सगळ्यात जास्त वेळ मापावर घालवा. आधी शिंप्याच्या टेपने भुवयांच्या बोटभर वरून डोक्याचा सर्वांत मोठा घेर मोजा. हेल्मेटावर मिलिमीटरमध्ये जो आकडा असतो, त्याच्याशी तो ताडून बघा. एका कंपनीचं ‘एम’ दुसऱ्या कंपनीच्या ‘एम’पेक्षा वेगळं असू शकतं, म्हणून अक्षरापेक्षा आकड्यावर विश्वास ठेवा.

मग घालून पाहा. नवं हेल्मेट गालांना चांगलं दाबून बसायला हवं, कारण आतली गादी काही आठवड्यांत दबते. हेल्मेट दोन्ही हातांनी धरून डावी-उजवीकडे हलवा. कपाळाची आणि गालांची कातडी त्याच्यासोबत सरकली तर माप बरोबर. डोकं स्थिर राहून हेल्मेट एकटंच फिरलं तर एक माप लहान घ्या. आता पट्टा लावा. हनुवटीखाली जेमतेम दोन बोटं जातील एवढीच जागा ठेवा. मानेपाशी हेल्मेटची मागची कड धरून ते पुढे ढकला. ते डोक्यावरून निघालं, तर तुमच्या कामाचं नाही. शेवटी दहा मिनिटं घालून दुकानातच थांबा. काढल्यावर कपाळावर एकाच जागी लाल वळ उठला असेल, तर त्या हेल्मेटचा आकार तुमच्या डोक्याला जुळत नाही. दुसऱ्या कंपनीचं पाहा.

ऑनलाइन दोनशे रुपये वाचतात, पण डोक्यावर घालून बघता येत नाही. मागवणारच असाल, तर आधी तेच मॉडेल आणि तेच माप दुकानात घालून पाहा.

गैरसमज ५: अर्धी टोपीही हेल्मेटच आहे.

वस्तुस्थिती: जर्मनीतल्या अपघातांच्या अभ्यासात हेल्मेटवरच्या आघातांपैकी साधारण एक-तृतीयांश हनुवटीच्या भागात आढळले. अर्ध्या हेल्मेटात हा भाग पूर्ण उघडा राहतो. कमी पैशांत निवड करायची असेल, तर पहिली पसंती साध्या फुल फेसला द्या. समोरून उघडणारं मॉड्युलर हेल्मेट चष्मा लावणाऱ्यांना सोयीचं पडतं, पण स्वस्तातल्या मॉड्युलरची कडी नीट तपासून घ्या.

गैरसमज ६: जवळच तर जायचंय, तेही हळू.

वस्तुस्थिती: मुलुंडच्या पाच रस्त्यापर्यंत भाजी आणायला किंवा मुलाला क्लासला सोडायला जाताना हेल्मेट घरीच राहतं. अमेरिकेत हॅरी हर्ट यांनी लॉस एंजेलिस परिसरातले सुमारे ९०० मोटरसायकल अपघात जागेवर जाऊन अभ्यासले. १९८१च्या त्यांच्या अहवालानुसार निम्म्या अपघातांत धडकेच्या क्षणी वेग ताशी सुमारे ३५ किलोमीटर किंवा त्याहून कमी होता. बहुतेक अपघात छोट्या फेरीत, निघाल्यापासून थोड्याच वेळात झाले होते.

गाडी उभी असतानाही धोका संपत नाही. स्कूटरवर बसलेल्या माणसाचं डोकं जमिनीपासून साधारण दीड मीटर उंच असतं. तेवढ्या उंचीवरून ते खाली आलं, तर रस्त्याला टेकताना त्याचा वेग ताशी १९-२० किलोमीटर होतो. एलबीएस मार्गावर मेट्रोच्या कामाच्या बॅरिकेडशेजारी खडीवरून चाक घसरायला वेग लागत नाही.

गैरसमज ७: मागे बसणाऱ्याला आणि मुलांना सूट आहे.

वस्तुस्थिती: मोटार वाहन कायद्याचं कलम १२९ चार वर्षांवरच्या प्रत्येक व्यक्तीला लागू आहे, मग ती पुढे असो वा मागे. हेल्मेट पट्ट्याने नीट बांधलेलं असणं हा त्याच्या व्याख्येचाच भाग आहे. दंडासोबत तीन महिने परवानाही जाऊ शकतो. नऊ महिने ते चार वर्षं वयाच्या मुलांसाठी फेब्रुवारी २०२२च्या अधिसूचनेत हेल्मेट, चालकाला जोडणारा सुरक्षा पट्टा आणि ताशी ४० किलोमीटरची वेगमर्यादा सांगितली आहे. मुलाला मोठ्यांचं हेल्मेट घालू नका, लहान मुलांच्या मापाचं वेगळं मिळतं. एकच खर्च परवडत असेल, तर पाच हजारांचं एक घेण्यापेक्षा पंधराशेची तीन घ्या.

गैरसमज ८: मान धरते, ऐकू येत नाही, केस गळतात.

वस्तुस्थिती: अमेरिकेत २०१८मध्ये प्रसिद्ध झालेल्या १,०६१ अपघातग्रस्तांच्या अभ्यासात मानेच्या मणक्याची इजा हेल्मेट घातलेल्या ७.४ टक्के आणि न घातलेल्या १५.४ टक्के रुग्णांत आढळली. हेल्मेटमुळे धोक्याचे आवाज ऐकू येत नाहीत, असं ना हर्ट यांना दिसलं ना नंतरच्या चाचण्यांना. बाजूचं थोडं कमी दिसतं खरं, पण चालक मान किंचित जास्त वळवून ते भरून काढतात. टक्कल पडण्याचं मुख्य कारण आनुवंशिकता आणि हार्मोन्स. घामाचा त्रास मात्र खरा आहे. त्यासाठी धुता येणारं अस्तर असलेलं हेल्मेट घ्या आणि आत पातळ सुती रुमाल बांधा. जाड स्कार्फ नको, त्याने माप बिघडतं.

गैरसमज ९: एकदा घेतलं की दहा वर्षांची निश्चिंती.

वस्तुस्थिती: एकदा चेपलेला थर्माकोल पुन्हा फुगत नाही. मोठा मार बसलेलं हेल्मेट बाहेरून चकाचक दिसलं तरी बदलायलाच हवं. म्हणूनच सेकंड हँड हेल्मेट कधीही घेऊ नये. अपघात झाला नाही तरी साधारण पाच वर्षांनी बदलावं, असा सल्ला अमेरिकेचं स्नेल फाउंडेशन देतं. पेट्रोल किंवा थिनरने कवच पुसू नका, साबणाचं पाणी पुरेसं आहे. गाडीच्या आरशावर हेल्मेट खोचून ठेवायची सवयही सोडा, आरशाची कड आतला थर्माकोल दाबत राहते. काच मात्र कायम पारदर्शक ठेवा. पावसात आणि रात्री काळी काच धोक्याची आहे. ओरखडे पडले तर नुसती काच बदलून घ्या, हेल्मेट बदलण्याइतका खर्च येत नाही.

थोडक्यात खरेदीचा क्रम असा: आधी परवाना क्रमांक, मग थर्माकोल, मग माप, मग पट्टा आणि पारदर्शक काच. या पाच गोष्टी जमल्यावर पैसे उरले तर रंग आणि डिझाइन बघा.

आज घरातली सगळी हेल्मेटं बाहेर काढा, उलटी करून आत बघा आणि क्रमांक अ‍ॅपमध्ये टाका. जे खोटं निघेल ते कोणाला देऊ नका. पट्टा कापून कचऱ्यात टाका आणि त्याच आठवड्यात खरं हेल्मेट घरी आणा.