गोळी सुटण्याआधीचे २०० मिलिसेकंद

चाकणच्या कंपन्यांत सेकंड शिफ्ट सुटली की कामगारांच्या बस राजगुरुनगरकडे वळतात आणि तासाभरात भाड्याच्या खोल्यांमधून वेगळीच बोली ऐकू येऊ लागते. ‘डावीकडे एक, नॉक केलाय’, ‘कव्हर दे, रश करू नको’, ‘झोन बघ आधी’. बहुतेकांच्या हातात मोबाइल असतो आणि त्यावर बीजीएमआय किंवा कॉल ऑफ ड्यूटी हे नेमबाजीचे खेळ. ज्याने हप्त्यावर पीसी घेतलाय तो व्हॅलोरंटमध्ये. घरच्यांना हा निव्वळ वेळेचा नास वाटतो. खेळणाऱ्यांना वाटतं, एखाद्या यूट्यूबरची सेन्सिटिव्हिटी, म्हणजे बोट हललं की पडदा किती फिरावा ही सेटिंग, उचलली आणि महागडा फोन घेतला की रँक चढेल. या दोन्ही समजुती खोडून काढाव्यात असं मला मनापासून वाटतं, कारण हा खेळ डोळे, मेंदू आणि हात यांच्याकडून विलक्षण गुंतागुंतीचं काम करून घेतो आणि ते काम रीतसर शिकता येतं.

आधी वेगाचं बघू. पडद्यावर शत्रू दिसल्यापासून बोट हलेपर्यंत धडधाकट तरुणाला साधारण २०० ते २५० मिलिसेकंद लागतात. प्रकाश नेत्रपटलावर पडतो, तिथल्या पेशी त्याचा विद्युत संदेश करतात, तो डोक्याच्या मागच्या भागातल्या दृष्टिकेंद्रात पोचतो, हा आपला की परका याचा निवाडा होतो आणि मग हुकूम मज्जारज्जूतून हाताकडे उतरतो. साखळीतली प्रत्येक कडी जिवंत पेशींची आहे आणि पेशी आपल्याच गतीने चालतात. सरावाने यातले थोडे मिलिसेकंद वाचतात, त्याहून जास्त नाही. कानावरून मिळणारा इशारा मात्र डोळ्यांपेक्षा तीस-चाळीस मिलिसेकंद लवकर कामाला लागतो, त्यामुळे पावलांचा आवाज टिपणारा खेळाडू पुढे असतो. म्हणूनच साधा ब्लूटूथ नेकबँड लावून रँक खेळणं हे स्वतःचंच नुकसान आहे. आवाज कानापर्यंत पोचवायलाच तो शंभर-दोनशे मिलिसेकंद सहज खातो. वायरचा स्वस्तातला इअरफोन इथे त्याच्यापेक्षा सरस ठरतो.

मग अव्वल खेळाडू आणि आपण यांच्यात एवढं अंतर पडतं कुठे? पॉल फिट्स या अमेरिकी मानसशास्त्रज्ञाने १९५४ साली एक नियम मांडला: हात एखाद्या लक्ष्यापर्यंत नेमका पोचायला लागणारा वेळ, लक्ष्य जितकं लांब आणि जितकं लहान तितका वाढतो. पडद्यावरचं डोकं ही तर फारच लहान गोष्ट. आता नवख्या खेळाडूचा क्रॉसहेअर, म्हणजे पडद्यावरची नेमाची खूण, पाहा. पळताना तो जमिनीकडे झुकलेला असतो. कोपऱ्यावरून कुणी निघालं की त्याला आधी वर, मग उजवीकडे, मग पुढे गेला म्हणून परत डावीकडे, अशी तीन टप्प्यांची कसरत करावी लागते. जाणता खेळाडू चालतानाच क्रॉसहेअर डोक्याच्या उंचीवर आणि कोपऱ्याच्या कडेला धरून ठेवतो. शत्रू स्वतःच त्याच्यात येतो आणि नेम धरायचं काम जवळजवळ उरतच नाही. रेंजमध्ये तासन् तास पुतळे पाडण्यापेक्षा ही एक सवय लावून घेणं मला कितीतरी मोलाचं वाटतं.

विल्यम हिक या ब्रिटिश मानसशास्त्रज्ञाने १९५२ मध्ये दाखवलं की समोर पर्याय जितके जास्त, तितकी प्रतिक्रिया उशिरा. दाराजवळ उभं राहून ‘मारू, मागे जाऊ, ग्रेनेड टाकू की हाक देऊ’ असा घोळ घालणाऱ्याचे मिलिसेकंद इथे जातात. आधीच ठरलं असेल, की एक दिसला तर मारायचं आणि दोन दिसले तर मागे सरायचं, तर मेंदूपुढचा प्रश्न लहान होतो. चांगल्या संघांच्या स्क्रिममध्ये, म्हणजे सराव सामन्यांत, बोलणं कमी आणि ठरलेलं जास्त असतं, ते यामुळे.

या खेळांनी मेंदूत काही फरक पडतो का, हे शॉन ग्रीन आणि डॅफ्ने बॅव्हेलियर यांनी रोचेस्टर विद्यापीठात तपासलं आणि २००३ साली ‘नेचर’मध्ये छापलं. न खेळणाऱ्या काहींना त्यांनी दहा दिवस रोज तासभर मेडल ऑफ ऑनर हा नेमबाजीचा खेळ दिला, बाकीच्यांना टेट्रिस. पहिल्या गटाची नजर जास्त पसरली: कडेला क्षणभर चमकलेली गोष्ट ते अधिक अचूक टिपू लागले. पुढे या विषयावर बराच वाद झाला आणि फायदा किती व्यापक यावर शास्त्रज्ञांचं एकमत नाही. खेळून परीक्षेत मार्क वाढतील, असं त्यातून कुणी समजू नये.

नेटवर्कची बाजू इथे सोडून चालणार नाही. काचतंतूतून प्रकाश मिलिसेकंदाला सुमारे २०० किलोमीटर जातो. राजगुरुनगर ते मुंबईचा सर्व्हर, दीडशे किलोमीटर केबल धरली, तर जाऊन-येऊन जेमतेम दीड मिलिसेकंद. तरी पिंग, म्हणजे जाण्या-येण्याचा हा वेळ, तीस, पन्नास, कधी शंभर दिसतो, कारण वेळ जातो तो मोबाइल टॉवरवरच्या गर्दीत, राउटरमध्ये आणि एकाच वायफायवर सिनेमा बघणाऱ्या रूममेटमुळे. या उशिराचा एक परिणाम फार थोड्यांना ठाऊक असतो. तुम्ही कोपऱ्यावर दबा धरून बसलात आणि समोरचा झपकन बाहेर आला, तर त्याला तुम्ही लगेच दिसता, कारण तुम्ही आधीपासून तिथेच आहात. त्याचं बाहेर येणं मात्र त्याच्या यंत्रावरून सर्व्हरवर आणि तिथून तुमच्या पडद्यावर पोचायचं असतं. तेवढे चांगले पन्नास-साठ मिलिसेकंद त्याला फुकटात मिळतात. ‘मी तर आधी बघितलं होतं, हॅक लावलाय त्याने’ हा आरोप पुष्कळदा इथून जन्मतो. एकाच कोनात बसून राहू नये, एक गोळी झाडली की जागा बदलावी, या सल्ल्यामागे हे साधं गणित आहे.

सरावाबद्दलही जरा उलटं वाटेल असं सांगायचं आहे. १९७९ मध्ये शे आणि मॉर्गन या संशोधकांनी हातांच्या हालचाली शिकवून पाहिल्या. एक हालचाल पूर्ण घोटून मगच दुसरीकडे वळणाऱ्यांची प्रगती त्या दिवशी छान दिसली. त्याच तीन हालचाली उलटसुलट क्रमाने करणारे त्या दिवशी चाचपडले, पण काही दिवसांनी तपासलं तेव्हा त्यांनाच जास्त आठवत होतं. तेव्हा एकाच बंदुकीचा रिकॉइल, म्हणजे गोळीमागचा झटका, तासभर ओढत बसू नका. बंदूक, अंतर आणि लक्ष्याची चाल बदलत राहा, आणि आज गुण कमी पडले तरी घाबरू नका. बदलू नये अशी गोष्ट म्हणजे सेन्सिटिव्हिटी. अंगठा एवढा सरकला की पडदा किती फिरतो, याचा हिशेब लहान मेंदू हजारो चुकांतून बसवत असतो. दर आठवड्याला आकडे बदलले की तो हिशेब नव्याने मांडावा लागतो.

मनाच्या तयारीचा धडा मात्र मी खऱ्या रायफलकडून घेईन. कोल्हापूर जिल्ह्यातल्या कांबळवाडीचा स्वप्नील कुसाळे पुण्यात रेल्वेची नोकरी सांभाळून बालेवाडीच्या रेंजवर घडला. त्याचं लक्ष्य ५० मीटरवर आणि त्यातलं दहा गुणांचं वर्तुळ अवघं १०.४ मिलिमीटरचं. २०२३च्या हांगझोऊ आशियाई स्पर्धेत पदकाच्या वाटेवर असताना त्याचा एक नेम ७.६ वर गेला आणि तो चौथ्या स्थानावर घसरला. पुढच्याच वर्षी, १ ऑगस्ट २०२४ रोजी, पॅरिस ऑलिम्पिकमध्ये त्याने ४५१.४ गुणांसह कांस्य जिंकलं. अंतिम फेरीत गुणफलकाकडे न बघता तो श्वासावर लक्ष ठेवून होता, असं त्याने नंतर सांगितलं.

गुणफलकाकडे न बघणं ही नुसती शिस्त नाही. कॅनडातल्या संशोधक जोन व्हिकर्स यांनी १९९०च्या दशकात दाखवून दिलं की कसलेल्या खेळाडूची नजर, हालचाल सुरू व्हायच्या आधी, लक्ष्यावर अधिक काळ निश्चल टिकते. मन मागच्या चुकीत अडकलं की ही स्थिर नजर तुटते. रँक गेल्यावर चिडून लगेच ‘अजून एक मॅच’ दाबणारा पोरगा नेमका हीच नजर गमावून बसलेला असतो. पोरांच्या भाषेत तो ‘टिल्ट’ झालेला असतो. तोच खेळ, तीच बोटं, पण आता तो रागाने रश करतो, कोपरे तपासत नाही, साथीदारांवर ओरडतो. दोन मॅच लागोपाठ हरलो की फोन खाली ठेवून पाणी प्यायचं, हा नियम शांत असताना ठरवून ठेवावा, कारण चिडलेलं डोकं तो ठरवू शकत नाही. मॅच संपल्यावर स्वतःच्या मरणांचं रेकॉर्डिंग बघणं हीही मोठी शिकवण आहे. मी कुठे बघत होतो आणि तो कुठून आला, एवढंच विचारायचं.

या सगळ्याला आता थोडी प्रतिष्ठाही आली आहे. हांगझोऊला ई-स्पोर्ट्समध्ये पदकं दिली गेली. २०२५च्या केंद्रीय कायद्याने पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर बंदी घातली आणि ई-स्पोर्ट्सना त्यापासून वेगळं काढून मान्यता दिली. मास्कगन हा मोबाइलवरचा नेमबाजीचा खेळ तर पुण्यातल्या सुपरगेमिंग कंपनीचा आहे. तरी या पट्ट्यातल्या किती मुलांचं यात करिअर होईल? फार थोड्यांचं. बाकीच्यांनी शिफ्ट सांभाळूनच खेळायचं आहे, आणि त्यांच्यासाठी झोपेचा मुद्दा सगळ्यांत मोठा.

संशोधक मॅथ्यू वॉकर आणि सहकाऱ्यांनी २००२ मध्ये बोटांच्या ठरावीक हालचाली शिकवल्या. रात्रभर झोपून उठलेल्यांचा वेग, मध्ये कुठलाही सराव न करता, सुमारे २० टक्के वाढला होता. तेवढाच वेळ जागेपणी गेला तर अशी वाढ दिसली नाही. म्हणजे पहाटे तीनपर्यंत घासलेला सराव पक्का व्हायची वेळच आपण कापून टाकतो. थर्ड शिफ्ट करून आलेल्याने सकाळी रँक खेळू नये. झोपून उठल्यावर दहा मिनिटं ट्रेनिंग ग्राउंडवर हात मोकळा करून खेळावं. आणि फर्स्ट शिफ्ट असलेल्याने रात्री मॅच कधी थांबवायची हे आधी ठरवावं, रँकसाठी नव्हे तर रस्त्यासाठी. १९९७ साली डॉसन आणि रीड या संशोधकांनी ‘नेचर’मध्ये दाखवलं की सलग १७ तास जागं राहिलेल्याचे हात आणि डोळे यांचा मेळ, रक्तात ०.०५ टक्के अल्कोहोल असलेल्या माणसाइतका बिघडतो. आपल्या मोटार वाहन कायद्याने गाडी चालवताना ०.०३ टक्क्यांच्या पुढे अल्कोहोल चालत नाही, आणि इथल्या पुष्कळ मुलांना त्याच सकाळी दुचाकीवरून पुणे-नाशिक महामार्गाने चाकण गाठायचं असतं.