मँडोलिनची किंमत नेमकी कशाची?

आठ तारा, त्यांच्या चार जोड्या, तारेची वाजती लांबी जेमतेम चौदा इंच. मँडोलिन काखेत मावतं. भारतातल्या दुकानात ते काही हजार रुपयांत मिळतं. चीनमध्ये हाताने कोरलेलं, ईस्टमन कंपनीचं साधं मँडोलिन पन्नास-साठ हजारांच्या घरात जातं. टेक्सासमधल्या ऑस्टिनच्या कॉलिंग्ज कंपनीचं तीन-चार लाखांच्या पुढे पडतं. ऑस्ट्रेलियातल्या वॉरनम्बूल गावी बसून काम करणाऱ्या स्टीफन गिलख्रिस्टसारख्या कारागिराचं हवं असेल, तर वीस लाखांच्या आसपास तयारी ठेवावी लागते. या सगळ्यांच्या वर १९२२ ते १९२४ या काळातली, लॉइड लोअर यांच्या सहीची गिब्सन मँडोलिनं. त्यांचा भाव लाख डॉलरच्या भाषेत बोलला जातो.

वीस लाखांचं मँडोलिन पन्नास हजारांच्या मँडोलिनपेक्षा चाळीसपट चांगलं वाजतं का? वाजत नाही. पण म्हणून महाग मँडोलिन म्हणजे शुद्ध लुबाडणूक, असं ठरवून टाकणं हा ते बनवणाऱ्यांवर अन्याय आहे. त्या एका आकड्यात बऱ्याच गोष्टींचे पैसे मिसळलेले असतात. कुठले पैसे आवाजाचे आणि कुठले नाहीत, हे वेगळं केल्याशिवाय किमतीबद्दल बोलण्यात अर्थ नाही.

सुरुवात तबलीपासून, म्हणजे वाद्याच्या दर्शनी फळीपासून, करावी लागते, कारण आवाज तिथेच घडतो. अगदी स्वस्त वाद्याची तबली बहुधा प्लायवूडची, दाबून बाक दिलेली असते. हाताने घडवलेल्या वाद्यात स्प्रूसच्या दोन जाड फळ्या मधोमध जोडतात आणि त्यांतून पटाशीने, रंध्याने, शेवटी पातळ पोलादी पात्याने खरवडून कमान काढतात. मध्यभागी ती साधारण साडेचार मिलिमीटर उरते, कडेला तीनच्या आसपास. आठही तारांचा ताण मिळून ऐंशी किलोंच्या घरात जातो आणि त्यातला काही भार तारांखालची घोडी या कमानीवर दाबून ठेवते. तबली जाड राहिली तर वाद्य घुमं होतं, फार पातळ झाली तर काही वर्षांत खचते. त्यात एकाच झाडाच्या दोन फळ्यासुद्धा सारख्या नसतात, एक ताठ निघते, दुसरी लवचीक. यंत्राला मोजमाप दिलं की ते प्रत्येक फळी त्याच मापाला कोरतं. कारागीर फळी हातात वाकवून बघतो, बोटाने टिचकी मारून ऐकतो आणि या फळीचं मिलिमीटरच्या दहाव्या भागाइतकं लाकूड अजून काढायचं की इथेच थांबायचं, ते ठरवतो.

हाताचं काम म्हणजे खरं तर एवढंच. ढोबळ कोरकाम यंत्राने करायला कोणाची हरकत नसते, कॉलिंग्जसारखी नावाजलेली कंपनीही संगणकावर चालणारी यंत्रं वापरते. मोल आहे ते शेवटच्या खरवडीचं आणि ती कुठे थांबवायची हे कळण्याचं. या कामाला पैसे पडतात आणि ते पडायलाच हवेत. एकट्या कारागिराला एका देखण्या मँडोलिनला दीडशे-दोनशे तास सहज लागतात, म्हणजे वर्षाला वाद्यं होतात मोजकीच. किमतीतून लाकूड, खुंट्या, पेटी, विक्रेत्याचा वाटा आणि कार्यशाळेचं भाडं वजा केलं, की मोठ्या आकड्यातून माणसाच्या हातात उरते ती बेताचीच मजुरी.

मात्र त्या तासांतले सगळे तास आवाजाला लागत नाहीत. अमेरिकी मँडोलिनची दोन वळणं आहेत. ए-वळण थेंबाच्या आकाराचं, साधं. एफ-वळणाला मानेजवळ गोगलगाईसारखा पीळ आणि खाली दोन टोकं असतात. हा पीळ मिशिगनमधल्या कॅलमझू गावच्या ऑरव्हिल गिब्सन यांच्या कल्पनेतून आला. बुटांच्या दुकानात कारकुनी करता करता ते वाद्यं कोरत. लाकूड वाकवू नये, कोरावं, असा त्यांचा आग्रह होता आणि १८९८ मध्ये त्यांनी आपल्या रचनेचं पेटंट घेतलं. त्याआधीचं मँडोलिन म्हणजे नेपल्सचं, कलिंगडाच्या फोडीसारखं पोट असलेलं. गिब्सन यांनी व्हायोलिनप्रमाणे कमानदार तबली आणि पाठ आणून वाद्याची जातच बदलली. पीळ ही मात्र निव्वळ शोभा. त्या आतल्या वळणावरून पांढरी-काळी काठपट्टी न तुटता बसवणं हे अतिशय किचकट काम असतं. एकाच कंपनीचं, तेच लाकूड वापरलेलं एफ-वळणाचं वाद्य ए-वळणाच्या दीडपट ते दुप्पट किमतीला विकलं जातं ते मुख्यतः यासाठी. आवाजात पडणारा फरक इतका थोडा असतो, की डोळे मिटून तो ओळखण्याची खात्री फार थोडे वादक देतील. पिळाचं सौंदर्य खरं आहे आणि हौसेला मोल नसतं, पण ते पैसे डोळ्यांसाठी मोजले जातात.

आता राहिलं नाव. इथे मँडोलिनच्या इतिहासातली सगळ्यात विलक्षण गोष्ट येते. जगभरचे कारागीर ज्या वाद्याची माप घेऊन नक्कल करतात, ते गिब्सनचं एफ-५ कुणा एकांड्या कलावंताने बनवलेलंच नाही. ते कारखान्यातून आलं. लॉइड लोअर हे स्वतः वादक आणि ध्वनिशास्त्राचे जाणकार, १९१९ मध्ये ते गिब्सन कंपनीत आले. १९२२ मध्ये त्यांच्या देखरेखीखाली एफ-५ बाहेर पडलं. मधल्या लंबगोल छिद्राऐवजी व्हायोलिनची एफ-छिद्रं, देहाला बाराव्याऐवजी पंधराव्या पडद्याशी मिळणारी लांब दांडी, तबलीपासून वर उचललेली पडद्यांची पट्टी, असे त्यात बदल होते. लोअर यांनी ती वाद्यं कोरली नाहीत. कोरणारे कामगार वेगळे होते. तबली, पाठ आणि आतल्या पट्ट्या तपासून सुरात आणल्या आहेत, असं सांगणाऱ्या चिठ्ठीवर ते तारखेसह सही करत.

किंमत होती सुरुवातीला दोनशे डॉलर, पुढे अडीचशे. फोर्डची मॉडेल टी मोटार त्या सुमाराला तीनशे डॉलरच्या आसपास मिळत होती, म्हणजे तेव्हाही ते महागच. आणि ते खपलं नाही. अमेरिकेतली मँडोलिन-वाद्यवृंदांची लाट ओसरली होती, तरुण मंडळी जॅझ आणि बँजोकडे वळली होती. १९२४ संपताना लोअर कंपनीतून बाहेर पडले. त्यांच्या सहीची आजवर नोंदली गेलेली मँडोलिनं अडीचशेच्या आसपास आहेत.

यांतलंच एक, ९ जुलै १९२३ ही तारीख पडलेलं, १९४०च्या दशकात मायामीतल्या एका केशकर्तनालयात विकायला ठेवलं होतं. केंटकीच्या बिल मनरो यांनी ते दीडशे डॉलरला घेतलं. मनरो आणि त्यांचे ‘ब्लू ग्रास बॉइज’ यांच्यामुळे ब्लूग्रास नावाचं संगीत जन्माला आलं. या संगीतात ढोल नसतो. मँडोलिनवाला दुसऱ्या मात्रेवर तारा दाबून, आवाज लगेच तोडून जो खाडकन आघात करतो, तोच ताल धरतो. एफ-५चा कोरडा, ठाशीव आवाज या कामाला अचूक बसला. तो लाखो लोकांनी तबकड्यांवर ऐकला आणि मँडोलिनचा आवाज म्हणजे असाच, हे कानांत पक्कं झालं. लोअर-मँडोलिन सर्वोत्तम वाटतं यामागचं हे मोठं कारण आहे. उत्तम म्हणजे काय हे मुळात त्याच वाद्याने ठरवलं, आणि नंतर आलेली बाकी सगळी त्याच्या मापाने मोजली गेली.

१९८५ मध्ये कोणीतरी मनरो यांच्या घरात शिरून शेकोटीच्या लोखंडी सळईने त्या वाद्याच्या ठिकऱ्या उडवल्या. गिब्सनमधले चार्ली डेरिंग्टन यांनी ते शेकडो तुकडे भिंगाखाली जुळवून चिकटवले आणि मनरो ते पुन्हा वाजवू लागले. आज ते नॅशव्हिलच्या कंट्री म्युझिक हॉल ऑफ फेममध्ये आहे. त्याची किंमत ठरली ११ लाख २५ हजार डॉलर. हे पैसे मनरो यांच्या आयुष्याचे आहेत, लाकडाचा त्यात वाटा नाममात्र. लोअर यांच्या इतर वाद्यांच्या किमतीतही या आयुष्याचा अंश आहेच. २००८च्या सुमारास त्या दोन लाख डॉलरपर्यंत चढल्या आणि मंदीत उतरल्या. त्या काळात एकाही वाद्याचा आवाज बदलला नव्हता.

नावाचा पडदा बाजूला केला तर कान काय सांगतात? व्हायोलिनच्या बाबतीत हे तपासलं गेलं आहे. संशोधक क्लॉडिया फ्रिट्झ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१० मध्ये इंडियानापोलिसला २१ वादकांना काळे चष्मे घालायला देऊन जुनी इटालियन आणि नवी व्हायोलिनं वाजवायला लावली. बहुतेकांनी नवं निवडलं आणि सर्वांत नावडतं ठरलं ते एक स्ट्रॅडिव्हेरियस. पुढे पॅरिसजवळ दहा नामांकित एकलवादकांसोबत झालेल्या चाचणीतही सहा जणांनी नवंच व्हायोलिन पसंत केलं. इंग्लंडच्या लँकेस्टर विद्यापीठातल्या संशोधकांनी पाठ आणि बाजूंचं लाकूड सोडून बाकी सगळं सारखं असलेल्या सहा गिटारी ५२ वादकांना न दाखवता वाजवायला दिल्या. दुर्मिळ रोजवूड आणि साधं लाकूड यांत म्हणावा असा फरक कोणाला जाणवला नाही. मँडोलिनलाही हे लागू पडेल असं मानायला भरपूर जागा आहे. पण या प्रयोगांचा चुकीचा अर्थ काढू नये. तिथली नवी व्हायोलिनंही कसबी कारागिरांनी हातांनीच बनवलेली होती. वय, नाव आणि दुर्मिळ लाकूड यांचं महत्त्व त्या चाचण्यांनी कमी केलं, हाताचं नाही.

किंमत ठरवताना संगीत कोणतं, हेही बघावं लागतं. मुंबईच्या चित्रपटसृष्टीत मँडोलिनला मानाची जागा होती. ‘संगदिल’, ‘रुस्तम सोहराब’चे संगीतकार सज्जाद हुसेन हे त्या वाद्याचे मोठे उस्ताद, किशोर देसाई हे नावाजलेले वादक, आणि लक्ष्मीकांत-प्यारेलाल जोडीतले लक्ष्मीकांत कुडाळकरही आधी मँडोलिनवादकच. ध्वनिमुद्रणात वाद्य मायक्रोफोनसमोर असतं, त्यामुळे मोठ्या आवाजाची मातब्बरी राहत नाही. आंध्रच्या पालकोल्लूचे यू. श्रीनिवास तर आणखी पुढे गेले. कर्नाटक संगीतातल्या गमकांसाठी स्वर लांबवर टिकायला हवा आणि तार खेचता यायला हवी. त्यांनी जोड्या काढून टाकल्या, पाच सुट्या तारांचं भरीव विजेवरचं मँडोलिन वापरलं आणि त्यावर जग जिंकलं. कोरलेली तबली त्यांना लागलीच नाही. लोअर स्वतःही पुढे विजेच्या वाद्यांकडे वळले होते, १९३३ मध्ये त्यांनी व्हिव्हिटोन नावाची कंपनी काढली होती.

मग मुंबई-पुण्यातल्या शिकणाऱ्याने काय घ्यावं? ए-वळणाचं, भरीव लाकडातून कोरलेल्या तबलीचं, शक्य तर एखाद्या वादकाने वापरलेलं. अगदी स्वस्त मँडोलिन आणि हे, या दोहोंतली उडी सर्वांत मोठी असते आणि ती नवशिक्यालाही ऐकू येते. त्यानंतर काही हजार रुपये जाणकाराकडून वाद्य बसवून घेण्यासाठी राखून ठेवावेत. मिरजेत जवारी काढणाऱ्याच्या हाताखालून गेलेला तंबोरा जसा बोलू लागतो, तसंच इथेही घडतं. घोडीचे पाय कमानीला काटेकोर टेकले, तारांच्या खाचा योग्य खोलीच्या झाल्या, पडदे एका पातळीत आले की बोटांचं दुखणं आणि बेसूरपणा दोन्ही कमी होतात. लाखो रुपयांच्या वाद्यात हे काम आधीच झालेलं असतं, आणि त्याच्या सुखद वाटण्यातला मोठा भाग याचाच असतो.

शिवाय हवामानाचा हिशेब आहे. अमेरिकी कारागीर पन्नास टक्क्यांच्या आसपास आर्द्रता गृहीत धरतात. कोकणात पावसाळ्यात ती ऐंशी-नव्वद टक्क्यांवर जाते, तबली फुगते आणि तारा पट्टीपासून वर उचलल्या जातात. विदर्भाच्या उन्हाळ्यात तेच लाकूड सुकून तडकू शकतं. वीस लाखांचं वाद्य आणणाऱ्याला त्याच्यासाठी खोलीची हवा वर्षभर सांभाळावी लागेल. जो दहा-पंधरा वर्षं वाजवतो आहे, चारचौघांत मायक्रोफोनशिवाय बसतो आणि आपल्या वाद्याची मर्यादा रोज ज्याच्या बोटांना जाणवते, त्याने नामवंत कारागिराकडे जरूर जावं. अशा वाद्याला गिऱ्हाईक सहसा मिळतं, आणि विकावं लागलंच तर घातलेले बरेच पैसे परत येतात.