असमाधानी प्रेक्षकाचे पुनर्लेखन : औचित्यविचार आणि मालेगावचा सुपरमॅन

१

कलाकृती मनास पटली नाही म्हणजे रसिक सामान्यतः दोहोंपैकी एक मार्ग धरतो. तो ती विसरून जातो, किंवा तिचे दोष सांगत राहतो. प्रस्तुत लेखात विचार करावयाचा आहे तो तिसऱ्या मार्गाचा. या मार्गाने जाणारा रसिक दोषदर्शनापाशी थांबत नाही. ती कृती तो स्वतःच पुन्हा रचू लागतो. विज्ञानकल्पनेवर आधारलेल्या चित्रपटमालिकांच्या बाबतीत ही प्रवृत्ती गेल्या पंचवीस वर्षांत जगभर दिसून आली आहे, आणि तिच्याशी निकटचे नाते सांगणारे एक लक्षणीय उदाहरण आपल्या नाशिक जिल्ह्यातच, मालेगाव येथे, घडलेले आहे. अशा पुनर्लेखनाकडे निव्वळ हौस म्हणून पाहावे, उसनवारी म्हणून ते त्याज्य मानावे, की टीकेचा एक प्रकार म्हणून त्याचा अभ्यास करावा, हा प्रश्न वाङ्मयाच्या अभ्यासकाने टाळण्यासारखा नाही.

प्रथम हे ध्यानात घेतले पाहिजे की अशा पुनर्लेखनाच्या मुळाशी तिरस्कार नसतो. ज्याविषयी आस्था नाही ते पुन्हा लिहीत बसण्याचे कष्ट कोणी घेत नाही. मूळ कृतीने काही वचन दिले होते आणि ते तिने पाळले नाही, असे रसिकाला वाटते. ते वचन आपण पाळावे, ही त्याची इच्छा असते.

आपल्या परंपरेला ही वृत्ती अपरिचित नाही. महाभारताच्या आदिपर्वातील शकुंतलोपाख्यानात दुष्यन्त शकुंतलेला ओळखतो, आणि ओळखूनही भर सभेत नाकारतो; आकाशवाणी झाल्यानंतरच तो तिचा स्वीकार करतो. तेथे दुर्वासाचा शाप नाही आणि मुद्रिकाही नाही. शृंगारप्रधान नाटकाच्या नायकाला हे वर्तन शोभणारे नाही हे ओळखून कालिदासाने शापाची योजना केली आणि एका प्रसंगाच्या बदलाने सारे कथानक निराळ्या पातळीवर नेले. कुंतकाने ‘वक्रोक्तिजीविता’च्या चौथ्या उन्मेषात प्रकरणवक्रतेचे विवेचन करताना याच शापाचे उदाहरण घेतले आहे. त्याच्याही पूर्वी आनंदवर्धनाने ‘ध्वन्यालोका’च्या तिसऱ्या उद्द्योतात या व्यवहाराचा नियम सांगून ठेवला. परंपरेने आलेल्या कथेत जे रसाला प्रतिकूल असेल ते कवीने टाकावे आणि रसाला अनुकूल असे नवे कल्पावे. कारण घडलेले सांगणे हे इतिहासाचे काम होय, कवीचे प्रयोजन त्याहून वेगळे आहे. तात्पर्य, कथा बदलण्याची मोकळीक या शास्त्राने दिली, परंतु तिला रसौचित्याचे बंधन घातले. पुनर्लेखकाला काय आवडते हे पुरेसे नाही. कथेला काय हवे आहे हे त्याला ओळखता आले पाहिजे.

२

हा निकष आधुनिक उदाहरणाला लावून पाहू. जॉर्ज लुकास यांच्या ‘स्टार वॉर्स’ या चित्रपटत्रयीचे भाग १९७७, १९८० आणि १९८३ साली प्रदर्शित झाले आणि त्यांनी प्रेक्षकांच्या एका पिढीला भारून टाकले. त्यानंतर कथेचा पूर्ववृत्तान्त सांगणारी दुसरी त्रयी १९९९, २००२ आणि २००५ या वर्षी आली. तिने अनेक जुन्या चाहत्यांची निराशा केली. या निराशेतून पुनर्लेखनाच्या दोन पद्धती निर्माण झाल्या.

पहिली पद्धत वगळण्याची. १९९९ च्या चित्रपटाची एक नवी संपादित प्रत २००१ च्या सुमारास प्रथम निनावीच हातोहात फिरू लागली. ती माइक निकल्स या संपादकाने तयार केल्याचे पुढे प्रकट झाले. त्याने नवीन एकही दृश्य चित्रित केले नाही. एका विदूषकी पात्राच्या लीला कमी केल्या, पाल्हाळ छाटला आणि चित्रपट आटोपशीर केला. दुसरी पद्धत क्रम बदलण्याची. २०११ साली एका चाहत्याने असे सुचविले की प्रथम चौथा व पाचवा भाग पाहावा, नंतर दुसरा व तिसरा, आणि शेवटी सहावा. पहिला भाग पाहूच नये. पाचव्या भागात खलनायक हाच नायकाचा पिता असल्याचे रहस्य उलगडते. त्यानंतर लगेच त्या पित्याच्या अधःपाताची कथा पाहिली म्हणजे ती दीर्घ स्मृतिचित्रासारखी भासते, आणि पुत्रही त्याच वाटेने जाईल की काय, ही शंका शेवटच्या भागावर छाया टाकते. एकही चित्र न बदलता केवळ क्रमाने रस कसा पालटतो, हे शिकविण्यास याहून सोपे उदाहरण मिळणे कठीण.

तिसरी त्रयी २०१५, २०१७ आणि २०१९ या वर्षी आली. तिचा दोष वेगळ्या जातीचा आहे आणि तो केवळ कात्रीने दूर होण्यासारखा नाही. पहिल्या भागात रे या नायिकेचे आईबाप कोण, हा प्रश्न मोठ्या कौतुकाने उपस्थित केला जातो. दुसऱ्या भागात दुसऱ्या दिग्दर्शकाने उत्तर दिले की ते कोणी थोर नव्हते, सामान्य माणसे होती. तिसऱ्या भागात पहिला दिग्दर्शक परत आला, आणि ती सम्राट पाल्पटीनची नात ठरली. १९८३ च्या चित्रपटात मृत्यू पावलेला हा सम्राट येथे जिवंत होऊन येतो, आणि त्या पुनरागमनाची वार्ता प्रेक्षकाला आरंभीच्या निवेदनातूनच कळते. भरताच्या परिभाषेत सांगावयाचे तर मुखसंधीत जे बीज पेरले ते गर्भसंधीत उपटून टाकले, आणि निर्वहणसंधीत न पेरलेल्या बीजाचे फळ आणून ठेवले. अशा मालिकेचे पुनर्लेखन करणाऱ्याला शेवटापासून मागे जावे लागते : फळ कोणते हवे ते ठरवावे, आणि त्याचे बीज पहिल्या भागात कोठे पेरता येईल ते शोधावे. दुसऱ्या भागाचे उत्तर कायम ठेवून तिसरा भाग नव्याने रचणे, हा या दृष्टीने अधिक उचित मार्ग ठरेल. कारण ज्याला कुळ नाही त्यालाही कर्तृत्व असू शकते, हा विचार त्या उत्तरात अंतर्भूत होता आणि तो पुढे नेण्याजोगा होता.

विज्ञानकथेच्या बाबतीत आणखी एक बंधन येते. ती एक गृहीत मांडते आणि त्या गृहीतापुरते आपले नियम ठरवते. प्रेक्षक अशक्य गोष्टही मान्य करतो, परंतु एकदा मान्य केलेला नियम सोयीसाठी मोडलेला त्याला खपत नाही. विज्ञानचित्रपटाविषयीच्या तक्रारींत जो पोटतिडकीचा सूर आढळतो त्याचे कारण हेच असावे.

३

वगळणे आणि क्रम बदलणे या दोन्ही पद्धतींत मूळ चित्रफीत हाताशी असावी लागते. तिसरी पद्धत सर्वांत कठीण आहे : सर्वच पुन्हा निर्माण करणे. तिच्याकडे वळण्यापूर्वी सुपरमॅनच्या मालिकेचा थोडा परामर्श घेतला पाहिजे.

१९७८ साली रिचर्ड डॉनर यांनी दिग्दर्शित केलेल्या ‘सुपरमॅन’ने, माणूस उडू शकतो यावर प्रेक्षकाचा विश्वास बसविला. दुसऱ्या भागाचे बरेचसे चित्रण त्यांनीच केले होते. परंतु त्यांना दूर करण्यात आले आणि रिचर्ड लेस्टर यांनी तो भाग पूर्ण केला. डॉनर यांच्या मूळ चित्रणावर आधारलेली प्रत, चाहत्यांच्या दीर्घ मागणीनंतर, २००६ साली प्रसिद्ध झाली. १९८३ च्या तिसऱ्या भागात विनोदाने नायकावर मात केली. १९८७ च्या चौथ्या भागाचा विषय मात्र उदात्त होता : एका शाळकरी मुलाच्या पत्रावरून सुपरमॅन जगातील अण्वस्त्रे गोळा करून सूर्यात भिरकावून देतो. दुर्दैवाने निर्मितिसंस्थेने खर्चाला मोठी कात्री लावली. न्यूयॉर्कचा रस्ता इंग्लंडमधील मिल्टन कीन्स या नव्या शहरात उभा करण्यात आला आणि उड्डाणाचे एकच दृश्य वारंवार वापरण्यात आले. जे पडद्यावर नव्हते ते आहे असे भासविण्याचा हा खटाटोप प्रेक्षकाच्या लक्षात आला, आणि मालिका तेथेच थांबली.

आता मालेगाव. गिरणा आणि मोसम या नद्यांच्या काठचे हे शहर यंत्रमागाचे. एकोणिसाव्या शतकात उत्तर हिंदुस्थानातून आलेल्या विणकरांनी येथे वस्ती केली आणि त्यांच्या वंशजांचा मोठा वर्ग आजही मागावर राबतो. शुक्रवार हा सुटीचा दिवस, आणि चित्रपट ही त्या सुटीची मुख्य करमणूक. येथे व्हिडिओगृह चालविणाऱ्या नासिर शेख यांनी २००० साली ‘मालेगाव के शोले’ हा चित्रपट सुमारे ५०,००० रुपयांत तयार केला. नट गावचे, कॅमेरा लग्नसमारंभात वापरतात तसा, आणि डाकूंच्या घोड्यांऐवजी सायकली. पुढे याच मंडळींनी सुपरमॅनला हात घातला. त्या निर्मितीची कथा फैझा अहमद खान यांच्या ‘सुपरमेन ऑफ मालेगाव’ या माहितीपटात टिपलेली आहे. २००८ साली तयार झालेला हा माहितीपट भारतीय चित्रपटगृहांत २०१२ साली प्रदर्शित झाला.

या मंडळींनी १९८७ च्या चित्रपटातील उणिवा समोर ठेवून काम केले, असा माझा दावा नाही. त्यांचे असमाधान वेगळ्या प्रकारचे होते. पडद्यावर जगाचे रक्षण होत असते, पण त्या जगात आपले शहर कोठेच नसते, ही ती उणीव. म्हणून त्यांनी सुपरमॅनला मालेगावात आणले. शफीक शेख या मागावर काम करणाऱ्या किडकिडीत तरुणाने ती भूमिका केली. त्याच्या चड्डीची नाडी लोंबते आहे. हिरव्या पडद्यापुढे चित्रण करून मागाहून पार्श्वभूमी बसविण्याच्या युक्तीने तो आकाशात उडतो. त्याला लढावे लागते ते शहरातील घाणीशी आणि तंबाखूच्या व्यसनाशी; खलनायकाला घाणच प्रिय आहे.

दोन्ही चित्रपटांत पैसा अपुरा होता. एकात तो लपविण्याचा प्रयत्न झाला आणि म्हणून तो उघडा पडला. दुसऱ्यात तो प्रथमपासून कबूल केलेला होता आणि म्हणून त्याचा विनोद झाला. हा विनोद वरवरचा नाही. लोंबत्या नाडीला आपण हसतो, परंतु बलवान दुर्बळांच्या साहाय्याला धावून येईल, हे मूळ कथेचे वचन त्या किडकिडीत देहाने सोडलेले नसते. क्षेमेंद्राने औचित्याला काव्याचे जीवित म्हटले. येथे वेष, स्थळ, शत्रू, भाषा, सर्व बदलले आहे. जीवित मात्र शाबूत आहे. अण्वस्त्रे सूर्यात फेकली गेली तेव्हा चौथ्या भागातील संकट संपल्यासारखे वाटले. मालेगावचे संकट चित्रपट संपल्यावरही गल्लीत उभे होते. शफीक शेख पुढे कर्करोगाने निवर्तले, ही गोष्ट ठाऊक असणाऱ्याला त्या पटकथेतील तंबाखूचा उल्लेख निव्वळ विनोद म्हणून ऐकता येत नाही.

प्रेक्षकाने निर्माता होण्याची या जिल्ह्यातील ही पहिलीच घटना नव्हे. त्र्यंबकेश्वर येथे १८७० साली जन्मलेल्या दादासाहेब फाळके यांनी मुंबईत ख्रिस्तचरित्रावरील चित्रपट पाहिला, आणि पडद्यावरील ख्रिस्ताच्या जागी त्यांना राम आणि कृष्ण दिसू लागले. त्यातून १९१३ साली ‘राजा हरिश्चंद्र’ प्रदर्शित झाला, आणि पुढे फाळक्यांनी आपले कार्य नाशिकला हलविले. दुसऱ्याची कथा पाहताना आपली कथा तेथे का नाही, हा प्रश्न दोन्ही ठिकाणी एकच आहे.

४

येथे एक शंका संभवते. शकुंतलेची कथा सर्वांची होती. चित्रपटाला तर मालक असतो. ही शंका योग्य आहे. भारतातील १९५७ च्या कॉपीराइट कायद्यानुसार रूपांतराचा अधिकार हक्कधारकाकडे असतो. खासगी अभ्यास, संशोधन, टीका व परीक्षण यांसाठी रास्त वापराची मुभा मात्र आहे. त्यामुळे पुनर्लेखन विकावयास काढणे आणि अभ्यासासाठी करणे यांत भेद केला पाहिजे. परंतु कायदा व्यवहाराचा प्रश्न सोडवतो, मूल्याचा नव्हे. मूल्य ठरविताना पुढील चार प्रश्न विचारावेत असे सुचवावेसे वाटते : मूळ कृतीचे वचन कोणते, हे पुनर्लेखकाने ओळखले आहे काय? कृतीने स्वतः घालून घेतलेले नियम त्याने पाळले आहेत काय? प्रत्येक बदलाला रसाचे कारण देता येते काय? आणि मूळ कृतीतील चांगले ते राखण्याची बुद्धी त्याला आहे काय? शेवटचा प्रश्न सर्वांत कठीण आहे, कारण असमाधानी माणसाला चांगले दिसेनासे होते.

या कसोट्यांना उतरणारे पुनर्लेखन ही टीकाच होय. फरक इतकाच की तीत अभिप्रायाच्या जागी पर्याय दिलेला असतो, आणि म्हणून टीकाकार स्वतःही परीक्षेला बसतो. पदव्युत्तर वर्गात एखाद्या फसलेल्या चित्रत्रयीच्या अखेरच्या भागाचा आराखडा विद्यार्थ्यांकडून नव्याने लिहून घ्यावा आणि प्रत्येक बदलाचे समर्थन संधी व औचित्य यांच्या परिभाषेत मागावे. जुन्या शास्त्राची धार त्यामुळे कळेल, आणि दोष काढणे किती सोपे व ते दूर करणे किती अवघड, हेही कळेल.

मालेगावच्या या मंडळींची कथा रीमा कागती यांच्या ‘सुपरबॉइज ऑफ मालेगाव’ या चित्रपटातून २०२५ साली देशभर प्रदर्शित झाली. ज्या मुंबईच्या चित्रपटांची हे लोक नक्कल करीत, त्याच मुंबईने आता त्यांची कथा पुन्हा सांगितली आहे. तिने मूळचे कोणते वचन राखले आणि कोणते सोडले, हे वरील चार प्रश्न हाती घेऊन आपल्या विद्यार्थ्यांनी तपासून पाहावे. मालेगाव येथून शंभर-सव्वाशे किलोमीटरच्या आत आहे. साक्षीदारांना भेटण्यासाठी फार लांब जावे लागणार नाही.